रसिक बलमा न गायिलेली रात्र : फिल्मफेअरच्या बाहुलीवर गायकाचे नाव कसे आले

(धागा)

१९५७ साली मुंबईत फिल्मफेअर पुरस्कारांची तयारी सुरू होती. 'चोरी चोरी' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा पुरस्कार शंकर-जयकिशन यांना मिळणार होता. सोहळ्यात त्याच चित्रपटातील 'रसिक बलमा' सादर व्हावे, अशी जयकिशन यांची इच्छा होती. त्यासाठी ते लता मंगेशकर यांच्याकडे गेले. लताबाईंनी नकार दिला.

हा नकार रागाचा किंवा लहरीचा नव्हता. त्यामागे एक साधा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्या काळी कोणाकडेही नव्हते. गाणे सर्वोत्कृष्ट ठरते, त्याच्या चालीला बक्षीस मिळते, पडद्यावर ओठ हलवणाऱ्या अभिनेत्रीला बक्षीस मिळते. मग ज्या गळ्यातून ते गाणे निघाले, त्याचा या सोहळ्याशी संबंध काय?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल, कारण मोबाइलवर गाणे शोधताना आपण बहुधा गायकाचेच नाव आधी लिहितो. पण हे नाव तेथे आपोआप आलेले नाही. त्यासाठी जवळजवळ पंचवीस वर्षे जावी लागली, आणि नावापाठोपाठ जो पैसा यायला हवा होता त्याला तर अर्धशतक लागले.

थोडे मागे जाऊ.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी हिंदुस्थानी आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. त्या पहिल्या फळीतील सर्वांत गाजलेला आवाज गोहरजान यांचा. तीन मिनिटांत ख्याल किंवा ठुमरी आटोपली की शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगत. कारण अगदी व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथल्या तंत्रज्ञांना हिंदुस्थानी भाषा कळत नसत. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापायचे हे त्यांना त्या घोषणेवरून समजे. व्यवहाराची गरज म्हणून का होईना, भारतीय ध्वनिमुद्रणाचा आरंभ गायिकेने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे नाव सांगण्याने झाला.

महाराष्ट्रात तर गायकाचे नाव म्हणजेच नाटकाचे तिकीट. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांची नावे जाहिरातीत नसती तर थिएटर भरले नसते. बोलपट आला तेव्हाही चित्र फारसे बदलले नाही. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबांची भूमिकाही करीत होते आणि अभंगही गात होते. चेहरा आणि गळा एकाच माणसाचा होता, त्यामुळे श्रेय कोणाचे हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला पार्श्वगायनामुळे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नंतर पडद्यावर नटांकडून त्यावर ओठ हलवून घेण्याचे तंत्र वापरले. दिग्दर्शक नितीन बोस, संगीतकार रायचंद बोराल. सोय मोठी होती. सुंदर चेहऱ्याला सूर लावता येत नसेल तरी चालणार होते आणि सुरेल गळ्याला चेहऱ्याची अट राहिली नाही. पण या सोयीची किंमत गळ्याने मोजली. चेहरा पडद्यावर राहिला आणि गळा पडद्यामागे गेला. निर्मात्यांनाही ते सोयीचे होते. नायिका स्वतःच गाते आहे, असा प्रेक्षकांचा समज मोडायची त्यांची इच्छा नव्हती.

त्याचा कळस झाला १९४९ साली. बॉम्बे टॉकीजचा 'महल', दिग्दर्शक कमाल अमरोही, पडद्यावर मधुबाला. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेले 'आएगा आनेवाला' रेडिओवर वाजू लागले आणि श्रोते वेडे झाले. (खेमचंद प्रकाश यांना हे यश फार काळ पाहता आले नाही.) गाणारी कोण, अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे येऊ लागली. रेडिओला तरी कोठे ठाऊक होते? तबकडीवर नाव होते 'कामिनी'. कामिनी हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव! ज्या व्यक्तीला अस्तित्वच नव्हते, तिच्या नावे गाणे विकले जात होते. अखेर रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि मग निवेदनात लता मंगेशकर हे नाव उच्चारले गेले.

गोहरजान यांनी तबकडीत आपले नाव कोरून ठेवल्याला तेव्हा ४७ वर्षे झाली होती. तंत्र पुढे गेले होते, गायिका मात्र मागे गेली होती.

आता पुरस्कारांकडे. 'फिल्मफेअर' हे पाक्षिक टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९५२ साली सुरू केले. दोन वर्षांनी, २१ मार्च १९५४ रोजी, मुंबईच्या मेट्रो सिनेमात त्याचा पहिला पुरस्कार सोहळा झाला. टाइम्सच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ या पुरस्कारांना आरंभी 'क्लेअर' असेच म्हणत. नर्तनमुद्रेतील स्त्रीची ती प्रसिद्ध मूर्ती घडवली मराठी शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी, मार्गदर्शन टाइम्सचे कलादिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर यांचे. विजेते ठरले वाचकांच्या मतांवर. वीस हजारांहून अधिक वाचकांनी कौल दिला होता.

पहिल्या वर्षी पुरस्कार पाचच होते. चित्रपट 'दो बीघा जमीन', दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार ('दाग'), अभिनेत्री मीनाकुमारी ('बैजू बावरा') आणि संगीतकार नौशाद (तोच 'बैजू बावरा').

या पाच नावांवर क्षणभर थांबायला हवे. 'बैजू बावरा' ही आहे गायकाची गोष्ट. तानसेनाशी गाण्याची स्पर्धा करून जिंकणाऱ्या गायकाची. चित्रपटातील त्या जुगलबंदीत तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, तर बैजूचा आवाज विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर यांचा. एरवी बैजू गातो तो महंमद रफींच्या गळ्याने, आणि मीनाकुमारीची गौरी गाते ती लता मंगेशकरांच्या. गायकीच्या महतीवर उभ्या असलेल्या त्या चित्रपटाला दोन बाहुल्या मिळाल्या, पण त्यांतील एकही गायकाला मिळाली नाही. कोणी अन्याय करायचा म्हणून केला होता असे मुळीच नाही. गाणारा हा बक्षिसाचा वेगळा धनी असू शकतो, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

पुढे पुरस्कारांची संख्या वाढत गेली, तरी गायकाची जागा रिकामीच राहिली. गीतकाराचीही. आणि मग 'चोरी चोरी'चे वर्ष उजाडले.

लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितलेल्या आठवणीनुसार त्यांचा युक्तिवाद असा होता : पुरस्कार संगीताला आहे, गायिकेला नाही, गीतकारालाही नाही, तेव्हा वाद्यवृंदाने चाल वाजवावी, शब्द आणि आवाज यांच्याविना. जयकिशन यांनी बरीच समजूत घातली. दोघांचे संबंध जुने आणि स्नेहाचे होते. शंकर-जयकिशन यांचा पहिलाच चित्रपट 'बरसात' लताबाईंच्या आवाजाने गाजला होता. तरीही उत्तर बदलले नाही. 'रसिक बलमा' त्या मंचावर लताबाईंच्या आवाजात झाले नाही.

या नकाराची धार समजून घ्यायची तर त्यातील गीतकाराचा उल्लेख विसरता कामा नये. एकट्या गायिकेच्या मानापमानाचा तो प्रश्न असता तर कदाचित तिला एखादे विशेष पारितोषिक देऊन विषय मिटवता आला असता. लताबाईंनी मांडलेला हिशेब अधिक व्यापक होता. चाल, शब्द आणि गळा या तिघांचे मिळून गाणे होते, आणि तिघांपैकी एकालाच मंचावर बोलावले जात होते.

दोन वर्षांनी, १९५९ च्या सोहळ्यात, फिल्मफेअरने दोन नवे पुरस्कार दिले. सर्वोत्कृष्ट गीतकार शैलेंद्र ('यहूदी'), सर्वोत्कृष्ट पार्श्वगायन लता मंगेशकर. गाणे 'मधुमती'तील 'आजा रे परदेसी', संगीतकार सलील चौधरी. त्या वर्षी 'मधुमती'ने एकूण नऊ पुरस्कार मिळवले आणि तो विक्रम १९९० च्या दशकात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' येईपर्यंत टिकला. त्या नवांतला एक पुरस्कार तोवर अस्तित्वातच नव्हता, ही गोष्ट विक्रम सांगताना सहसा गाळली जाते.

योगायोग पाहा. त्याच १९५९ च्या ४ मे रोजी अमेरिकेत पहिला ग्रॅमी सोहळा झाला. तेथे गायकांना पहिल्याच रात्रीपासून स्वतंत्र पुरस्कार होते. एला फिट्झजेराल्ड यांनी त्या रात्री दोन मिळवले. अमेरिकन समाज अधिक कृतज्ञ होता, असा निष्कर्ष मात्र काढू नये. ग्रॅमी हा तबकड्यांच्या धंद्याचा सोहळा होता आणि तबकडी गायकाच्या नावावर खपत असे. जेथे चेहरा विकला जाई, त्या हॉलिवूडमध्ये परिस्थिती आपल्यासारखीच होती. 'द किंग अँड आय' आणि 'माय फेअर लेडी' या चित्रपटांतील नायिकांचे गाणे वस्तुतः मार्नी निक्सन यांचे. पडद्यावरील श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. आणि ऑस्करमध्ये गाण्याचा पुरस्कार आजही गीतकार-संगीतकारांनाच मिळतो, गायकाला नाही.

फिल्मफेअरचा नवा पुरस्कार सुरू झाला खरा, पण स्त्री आणि पुरुष दोघांसाठी मिळून एकच. १९६० मध्ये तो मुकेश यांना 'अनाडी'साठी मिळाला. १९६१ मध्ये 'चौदहवीं का चाँद'साठी रफी जिंकले. ते 'मुगल-ए-आझम'चे वर्ष होते आणि लताबाईंचे शीशमहालातील गाणे मागे पडले. १९६२ मध्ये पुन्हा रफी. १९६३ मध्ये लताबाई 'बीस साल बाद'साठी. दीर्घ आजारातून उठल्यानंतर गायिलेले ते गाणे, आणि संगीतकार हेमंतकुमार, स्वतः थोर गायक. १९६४ मध्ये महेंद्र कपूर. नंतर रफी, लताबाई आणि पुन्हा रफी.

नऊ वर्षांचा हिशेब मांडला तर रफी चार, लता तीन, मुकेश आणि महेंद्र कपूर प्रत्येकी एक. बाकीचे कोठे गेले? गीता दत्त यांना हा पुरस्कार कधीच मिळाला नाही. तलत महमूद यांनाही नाही. पुरस्कार आला तोवर त्यांचा बहराचा काळ सरत आला होता. शमशाद बेगम यांचे तेच. विजेत्यांच्या यादीला इतिहास समजून वाचण्याचा धोका येथे दिसतो. १९५० चे दशक, ज्याला चित्रसंगीताचे सुवर्णयुग म्हणतात, त्यातील बहुतेक सगळे गायन या यादीच्या बाहेर आहे.

१९६८ पासून गायक आणि गायिका असे दोन स्वतंत्र पुरस्कार झाले. परिणाम तत्काळ दिसला. 'दस लाख'मधील गाण्यासाठी आशा भोसले यांना पहिली बाहुली मिळाली. १९४३ च्या 'माझं बाळ' या मराठी चित्रपटापासून त्या गात होत्या. म्हणजे पाव शतक. एका रकान्याचे दोन रकाने झाले, एवढ्याने पाव शतकाचा आवाज यादीत आला.

१९७० मध्ये 'जीने की राह'साठी पुरस्कार घेतल्यावर लताबाईंनी नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून यापुढे आपला विचार करू नये असे कळवले. पुढच्या वर्षी शारदा विजेत्या ठरल्या. त्यानंतरची सलग चार वर्षे मात्र आशाबाई! नव्यांसाठी मोकळी केलेली वाट बराच काळ धाकट्या बहिणीच्याच कामी आली, असे गंमतीने म्हणता येईल. १९७९ नंतर आशाबाईंनीही तसाच निर्णय घेतला. १९८० ची बाहुली वाणी जयराम यांच्याकडे गेली.

मानाची गोष्ट येथवर. आता पैशाची, आणि ती अधिक कटू आहे.

गाणे ध्वनिमुद्रित झाले की गायकाला ठरलेले मानधन मिळे आणि तेथे संबंध संपे. तबकड्या लाखोंनी खपोत, रेडिओवर वर्षानुवर्षे वाजोत. संगीतकारांना निर्मात्यांकडून विक्रीतील काही हिस्सा मिळत असे, गायकांना नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी लताबाईंनी रॉयल्टीचा आग्रह धरला. मुकेश, तलत यांच्यासारखे गायक त्यांच्या बाजूने होते. रफींना तो पटला नाही. निर्माता धोका पत्करतो, गायकाला त्याचे मोल मिळालेले असते, मग पुन्हा मागणे कशाचे, अशी त्यांची धारणा होती. ती लाचारीतून आलेली नव्हती. मानधन न घेता गाणारा, पडत्या निर्मात्याला हात देणारा तो माणूस होता. दोन प्रामाणिक मते समोरासमोर आली आणि हिंदी चित्रसंगीतातील सर्वांत मोठी जोडी काही वर्षे एकत्र गाईनाशी झाली. समेट झाला १९६७ च्या सुमारास.

या अबोल्यात रफींबरोबर युगुलगीते गायला संगीतकारांनी ज्यांना बोलावले, त्यांत सुमन कल्याणपूर प्रमुख. 'जब जब फूल खिले' आणि 'ब्रह्मचारी' यांतील त्यांची युगुलगीते आजही वाजतात. त्यांचा आवाज लताबाईंच्या आवाजाशी इतका मिळताजुळता होता की रेडिओ ऐकणाऱ्या असंख्य लोकांनी ती गाणी लताबाईंची समजूनच आवडून घेतली. गायिकेचे नाव सांगितले जावे म्हणून झालेल्या झगड्याच्या ऐन काळातच दुसऱ्या एका मराठी गायिकेचे नाव असे हरवत राहिले. सुमनताईंना फिल्मफेअर कधी मिळाला नाही. पद्मभूषण मिळाला, २०२३ साली.

कायद्याची चाल आणखी संथ. 'रसिक बलमा' गायिले गेले नाही त्याच १९५७ साली संसदेने कॉपीराइट कायदा केला. त्यात गीतकार होता, संगीतकार होता. गायकाला स्वतंत्र हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे संगीतकार-गीतकारांची संस्था विरुद्ध चित्रपट निर्माते असा वाद आला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. मात्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक वेगळी टिपणी जोडली : भारतीय संगीत गळ्यातून जन्मते, आणि आपला कायदा त्या गळ्यालाच ओळखत नाही, संसदेने याचा विचार करावा.

संसदेने तो १९९४ मध्ये अर्धवट केला. कलावंताचे हक्क कायद्यात आले, पण चित्रपटासाठी एकदा संमती दिली की ते संपत. म्हणजे पार्श्वगायकाच्या हाती फारसे काही नाही. खरी दुरुस्ती २०१२ ची. त्यानंतर २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी जी संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेत लताबाईही होत्या. रॉयल्टीचा आग्रह प्रथम धरल्याला तेव्हा पन्नास वर्षे उलटली होती. त्यांचे वय ८३ होते. मुकेश, तलत, रफी कोणीही हयात नव्हते.

या साऱ्या हकिगतीत एक प्रसंग बसत नाही, आणि म्हणूनच तो सांगायला हवा.

१९६० च्या दशकात 'आनंदघन' नावाच्या संगीतकाराने भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना संगीत दिले. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं'. चाली घरोघरी पोचल्या, पण आनंदघन कोण हे सर्वसामान्य प्रेक्षकाला माहीत नव्हते. १९६५ च्या 'साधी माणसं'ला महाराष्ट्र राज्य चित्रपट पुरस्कारांत बरेच पुरस्कार मिळाले. त्यांत सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार लता मंगेशकर यांना होता, आणि सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा आनंदघन यांना.

सोहळ्यात आनंदघन यांचे नाव पुकारले गेले. कोणीच उठले नाही. लताबाई आपल्या जागी शांत बसून होत्या. अखेर निवेदकानेच सांगून टाकले की आनंदघन याच सभागृहात आहेत, आणि प्रेक्षकांच्या माना त्यांच्या खुर्चीकडे वळल्या.